नवतप्यातील नांगरट आणि ट्रॅक्टरचा पंखा

नागपूरहून दक्षिणेस निघालेला मोठा रस्ता बुटीबोरीस पोहोचला म्हणजे त्यास दोन फाटे फुटतात. एक वर्ध्याकडे वळतो आणि दुसरा हैदराबादच्या दिशेने पुढे जातो. रस्त्यालगत औद्योगिक वसाहतीचा मोठा पसारा आहे; पण वसाहतीची हद्द ओलांडताच कापूस, तूर आणि सोयाबीन पिकविणारी काळी, भारी जमीन सुरू होते. गहू-हरभरा घरी आला, पऱ्हाटी उपटून झाली, की या जमिनीत उन्हाळवाहीस आरंभ होतो. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो आणि नवतपा सुरू होतो. पारा ४५ अंशांवर चढतो. माणसे सावलीचा आश्रय घेतात, बैल सोडले जातात; परंतु ट्रॅक्टर मात्र त्याच उन्हात नांगर ओढीत असतो.

याच दिवसांत पुष्कळ ट्रॅक्टरांच्या तापमानदर्शकाचा काटा लाल पट्ट्यात शिरतो. रेडिएटरमधून वाफ निघू लागते, तासाभराच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती घ्यावी लागते. याकडे दुर्लक्ष झाल्यास हेड गॅस्केट जळते, इंजिनाचे हेड वाकते किंवा त्यास तडा जातो. दुरुस्तीचा खर्च तर येतोच. पण त्याहून मोठे नुकसान दिवसांचे होते. पहिल्या पावसापूर्वीचे दोन आठवडे ट्रॅक्टर कारखान्यात उभा राहिला, तर मालकाची स्वतःची वाही राहते आणि ज्यांना भाड्याने नांगरट करून देण्याचे वचन दिलेले असते त्या शेजाऱ्यांचीही राहते.

अशा वेळी बाजारातून एकच सल्ला मिळतो : "मोठा पंखा बसवून घ्या." हा सल्ला कधी बरोबर असतो, कधी निरुपयोगी असतो, तर कधी अपायकारकही ठरतो. तो केव्हा मानावा आणि केव्हा मानू नये, हे ठरविण्याची रीत सोपी असून प्रत्येक ट्रॅक्टरधारकास व गावपातळीवरील कार्यकर्त्यास ती अवगत असणे इष्ट आहे.

उष्णतेचा हिशेब

डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनातील उष्णतेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांश भाग कामी येतो, एक तृतीयांश धुराड्यावाटे बाहेर जातो आणि उरलेल्यापैकी बराचसा भाग थंड करणाऱ्या पाण्यास वाहून न्यावा लागतो. म्हणजे ३५ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भाराने चालत असता जवळजवळ तितकीच शक्ती उष्णतेच्या रूपाने रेडिएटरवाटे हवेत सोडावी लागते. ही उष्णता वाहून नेताना हवा २० अंशांनी तापते असे धरले, तर दर सेकंदास सव्वा किलोग्रॅमहून थोडी अधिक हवा, म्हणजे एक घनमीटरपेक्षाही जास्त हवा, रेडिएटरच्या जाळीतून गेली पाहिजे.

रस्त्यावर वेगाने धावणाऱ्या मोटारीस समोरून वारा आपोआप मिळतो. ट्रॅक्टर मात्र ताशी चार-पाच किलोमीटर वेगाने चालतो. मळणी यंत्रास जोडला असेल तर तो जागेवरच उभा असतो. त्यामुळे लागणारी सर्व हवा पंख्यानेच ओढून द्यावी लागते. शेतात चालणाऱ्या वाहनाचे सगळे शीतन पंख्यावर अवलंबून असते ते यामुळेच.

आता ऋतूचा परिणाम पाहू. रेडिएटरमधील पाणी ९५ अंशांवर आहे असे समजा. पौषात बाहेरची हवा २५ अंशांवर असेल, तर पाणी व हवा यांत ७० अंशांची तफावत पडते. नवतप्यात हवा ४५ अंशांवर जाते आणि ही तफावत ५० अंशांवर येते. उष्णता किती वेगाने बाहेर पडेल हे या तफावतीवर अवलंबून असते. म्हणून तोच रेडिएटर आणि तोच पंखा मे महिन्यात पौषातल्याच्या सुमारे सात दशांशच काम करतो. हिवाळ्यात निर्दोष वाटणारा ट्रॅक्टर उन्हाळ्यात तापतो, त्याचे मर्म हेच होय. दोष नव्याने उद्भवलेला नसतो. तो आधीपासून असतो आणि उन्हाळा तो उघडा पाडतो.

मार्चमध्येच मे महिन्याचे भाकीत

याच नियमातून एक उपयुक्त परीक्षा हाती लागते. थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर, एकाच प्रकारच्या जमिनीत, तेच अवजार, तोच गिअर आणि इंजिनाचे तेवढेच फेरे ठेवले, तर पाण्याचे तापमान व हवेचे तापमान यांतील अंतर जवळजवळ कायम राहते. हवा दहा अंशांनी तापली, की पाणीही सुमारे दहा अंशांनी तापते.

समजा, मार्चमध्ये दुपारी हवा ३५ अंशांवर असताना अर्धा तास नांगरट केल्यावर पाणी ९६ अंशांवर स्थिर होते. अंतर ६१ अंशांचे झाले. मे महिन्यात हवा ४६ अंशांवर गेली की पाणी १०७ अंशांवर जाणार, हे त्याच दिवशी सांगता येते. त्यास ९८ अंशांच्या आत ठेवावयाचे असेल, तर अंतर ५२ अंशांवर आणले पाहिजे. अशा रीतीने दुरुस्तीस दोन महिन्यांचा अवधी मिळतो, आणि केलेल्या प्रत्येक दुरुस्तीचा उपयोग किती झाला हेही मोजता येते.

जुन्या ट्रॅक्टरच्या दर्शकावर आकडे नसतात, केवळ रंगीत पट्टे असतात. अशा वेळी वरच्या नळीनजीकच्या धातूच्या भागावर इन्फ्रारेड तापमापक रोखून माप घ्यावे. धातू चकचकीत असल्यास माप चुकते. म्हणून तेथे काळ्या रंगाचा ठिपका द्यावा. हवेचे तापमान ट्रॅक्टरपासून दूर, सावलीत मोजावे. गावातील कार्यकर्त्याने एका वहीत वेळ, हवा, पाणी, गिअर आणि अवजार अशा पाच रकाने पाडून तीन दिवस नोंद ठेवली, तर मिस्त्रीकडे जाताना तक्रारीऐवजी पुरावा हाती असतो.

पंख्यास दोष देण्यापूर्वी

ट्रॅक्टर तापण्याची बहुतेक कारणे पंख्याच्या आकाराशी संबंधित नसतात. ती पुढील क्रमाने तपासावीत. हा क्रम खर्चाच्या चढत्या पायरीने लावलेला आहे.

पहिली तपासणी रेडिएटरच्या जाळीची. सोयाबीनची मळणी झाल्यावर बारीक कुटार जाळीच्या पाकळ्यांत अडकते. त्यावर डिझेल-तेलाचा अंश आणि काळ्या मातीची धूळ बसून पक्का थर तयार होतो. समोरून जाळी स्वच्छ दिसली तरी आतील बाजू बुजलेली असू शकते. इंजिन थंड असताना आतून बाहेर, म्हणजे हवेच्या नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, हलक्या दाबाची हवा अथवा पाणी सोडावे. जोराच्या झोताने पाकळ्या वाकतात आणि मार्ग कायमचा बंद होतो. शोभेची जाळी, नावाची पाटी किंवा ध्वनिक्षेपक रेडिएटरसमोर बसविले असल्यास ते काढून टाकावे.

दुसरी तपासणी पट्ट्याची. पट्टा सैल असला तर तो घसरतो आणि पंखा व पाण्याचा पंप दोन्ही मंदावतात. दोन कप्प्यांच्या मध्यभागी अंगठ्याने दाबल्यास पट्टा साधारण १२ ते २० मिलिमीटर दबावा. नेमके माप त्या ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. पट्ट्याच्या बाजू आरशासारख्या चमकत असतील, तर तो घसरत आहे असे समजून बदलावा.

तिसरी तपासणी पाण्याची व टोपणाची. काळ्या दगडाच्या प्रदेशातील विहिरींचे पाणी पुष्कळदा जड असते. ते वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये भरल्यास आत क्षारांचे कवच धरते आणि उष्णता अडविते. तयार मिळणारे शीतक द्रव भरावे. ते तयार स्वरूपाचे असल्यास त्यात आणखी पाणी मिसळू नये. टोपणाची स्प्रिंग शाबूत असणेही तितकेच महत्त्वाचे आहे. ०.९ बार दाब धरणाऱ्या टोपणामुळे पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. टोपण निकामी झाले तर ते १०० अंशांच्या आतबाहेरच उकळू लागते.

चौथी तपासणी थर्मोस्टॅटची. ट्रॅक्टर तापला की थर्मोस्टॅट काढून फेकण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. ही प्रथा हानिकारक आहे. काही इंजिनांत पाण्याची बगलवाट थर्मोस्टॅटच बंद करतो. तो काढल्यास पाण्याचा काही भाग रेडिएटरमध्ये न जाताच परत फिरतो आणि इंजिन अधिकच तापते. हिवाळ्यात इंजिन थंड राहून सिलिंडरची झीज वाढते, ते निराळेच. थर्मोस्टॅट तपासावयाचा असेल, तर तो पातेल्यातील पाण्यात दोरीने टांगावा, सोबत तापमापक ठेवावा आणि पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशावर तो उघडू लागला, तर तो चांगला समजावा.

पाचवी तपासणी इंजिनाची. इंधनाचा पंप वाढवून घेतलेला असणे, इंधन उशिरा फवारले जाणे, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, ही लक्षणे आढळल्यास दोष पंख्यात नाही. तेथे कितीही मोठा पंखा बसविला तरी उपयोग होणार नाही.

चालविण्याची रीतही येथे विचारात घेतली पाहिजे. पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. वरच्या गिअरमध्ये इंजिन दाबून, कमी फेऱ्यांवर ओढीत नेले, तर उष्णता जास्त आणि हवा कमी अशी स्थिती होते. एक गिअर खाली उतरून फेरे वाढविल्यास तेच काम कमी तापमानात होते. मळणीच्या वेळी ट्रॅक्टर वाऱ्याच्या वरच्या अंगास उभा करावा, म्हणजे कुटार रेडिएटरकडे येत नाही.

पंखा सुधारण्याचे मार्ग

एवढे सर्व करूनही वहीतील अंतर कमी झाले नाही, तरच पंख्याकडे वळावे. येथेही आधी आहे तो पंखा नीट बसला आहे काय ते पाहावे. दुरुस्तीनंतर पंखा उलट्या तोंडाने बसविला जाण्याची चूक वारंवार घडते. अशा पंख्याची हवा त्याच दिशेने जाते, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण हवेचे प्रमाण बरेच घटते. मूळ चित्राशी पात्यांची वक्रता ताडून पाहावी.

पंख्याभोवतीचे कडे, ज्यास कारागीर शराउड म्हणतात, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग होय. कडे तुटले किंवा काढून टाकले असेल, तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी इंजिनाजवळची तापलेली हवाच फिरवीत राहतो. कडे चारही बाजूंनी रेडिएटरशी बंद असावे, पात्यांची टोके आणि कडे यांत थोडेच अंतर असावे, आणि ओढणाऱ्या पंख्याच्या पात्याची रुंदी सुमारे अर्धी कड्याच्या आत व अर्धी बाहेर असावी. कित्येक ट्रॅक्टरांचा रोग एवढ्यानेच बरा होतो.

यानंतर पात्यांची संख्या. चार पात्यांच्या जागी त्याच व्यासाचा, त्याच इंजिनासाठी निर्मात्याने दिलेला सहा पात्यांचा पंखा बसविल्यास हवा वाढते. मात्र ती दीडपट होत नाही, कारण पाती परस्परांच्या प्रवाहात अडथळा आणतात. उष्ण प्रदेशासाठी असा पर्याय उपलब्ध आहे काय, हे अधिकृत विक्रेत्याकडे विचारावे.

गती वाढविण्याचा मार्ग मोहक वाटतो. लहान कप्पी बसविली की पंखा जलद फिरतो. परंतु पंख्याचा नियम असा आहे की, गती दहा टक्क्यांनी वाढविली तर हवा दहा टक्क्यांनीच वाढते, आणि पंख्यास लागणारी शक्ती मात्र तेहेतीस टक्क्यांनी वाढते. गती सव्वापट केली तर शक्ती जवळजवळ दुप्पट लागते. ही शक्ती नांगराच्या वाट्यातून जाते आणि डिझेलच्या रूपाने भरावी लागते. शिवाय पुष्कळ इंजिनांत त्याच कप्पीवर पाण्याचा पंप असतो; त्याचा बेअरिंग लवकर झिजतो. मर्यादेबाहेर फिरविलेले पाते तुटून उडाल्यास ते रेडिएटर फोडते आणि जवळच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

व्यास वाढविल्यास हवा झपाट्याने वाढते, पण शक्ती त्याहून झपाट्याने वाढते. त्याच घडणीचा पंखा ४०० मिलिमीटरऐवजी ४४० मिलिमीटरचा घेतला, तर तेवढ्याच फेऱ्यांत हवा सुमारे तेहेतीस टक्के अधिक व शक्ती सुमारे एकसष्ट टक्के अधिक लागते. त्याकरिता कडेही नवे करावे लागते आणि पात्यांस फिरण्यास जागा आहे काय ते पाहावे लागते. पुरेशी जागा न ठेवता बसविलेला मोठा पंखा रेडिएटरला घासू शकतो.

चिकट द्रवाच्या क्लचवर चालणारा पंखा ही यापुढची पायरी होय. त्यात सिलिकॉन तेल असते. रेडिएटरमधून आलेली हवा तापली की पुढील बाजूची धातूची पट्टी झडप उघडते, तेल पुढे सरकते आणि पंखा पकड घेतो. हवा थंड असली की पकड सुटते आणि शक्ती वाचते. मात्र तापलेले इंजिन बंद केल्यावर असा पंखा हाताने मोकळा गरगर फिरला, तर क्लच निकामी झाला असे समजावे.

विजेवर चालणारा पंखा जीपसारख्या वाहनास सोयीचा असला तरी ट्रॅक्टरबाबत सावध असावे. १२ व्होल्टवर २० अँपिअर घेणारा पंखा केवळ २४० वॉटचा, म्हणजे एक तृतीयांश अश्वशक्तीचा असतो. मूळ पंखा काढून असा एकच पंखा बसविल्यास पूर्ण भाराच्या नांगरटीस तो पुरेलच असे नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या डायनॅमोस तेवढाही भार पेलवत नाही आणि बॅटरी उतरते. मोठ्या कापणी-मळणी यंत्रांवर पात्यांचा कल उलटवून अडकलेले कुटार बाहेर फुंकणारे पंखे असतात. त्यांचा उपयोग खरा आहे, पण किंमत लहान ट्रॅक्टरधारकास परवडणारी नाही. त्याने तेच काम कामाच्या मध्ये थांबून ब्रशने करावे.

जीप आणि नाला

१९५२ साली सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाल्यानंतर विकास गटांतून जीप हे वाहन खेड्यांपर्यंत पोहोचले. बिनरस्त्याच्या भागात जीप चालविणाऱ्यांनी तेव्हापासून एक नियम पाळला आहे, तो आजही लागू आहे. खोल पाण्यातून जाण्यापूर्वी पंखा थांबवावा. फिरता पंखा पाण्यात शिरला की पाणी इंजिनभर उडते आणि पाती पुढे वाकून रेडिएटरमध्ये रुततात. जुन्या जीपमध्ये त्यासाठी पट्टा उतरवीत. विजेच्या पंख्यास कळ असते. नाला ओलांडताच पंखा पुन्हा सुरू झाला की नाही, हे पाहण्यास विसरू नये.

खरेदीपूर्वी

नवा ट्रॅक्टर घेणाऱ्याने ही चिंता खरेदीच्या वेळीच करावी. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था ट्रॅक्टरांची परीक्षा घेते. त्या परीक्षेत सामान्य हवेबरोबरच सुमारे ४३ अंश तापमानाच्या उष्ण हवेतही इंजिन चालवून पाहिले जाते आणि शीतक द्रवाचे कमाल तापमान अहवालात नोंदविले जाते. विदर्भातील शेतकऱ्यास अश्वशक्तीच्या आकड्याइतकाच हा आकडा महत्त्वाचा आहे. गावातील कार्यकर्त्याने विक्रेत्याकडे अहवाल मागून तो शेतकऱ्यास वाचून दाखवावा.

सुरक्षिततेचे नियम

तापलेल्या रेडिएटरचे टोपण कधीही उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी अंगावर येते. काटा लाल पट्ट्यात गेल्यास अवजार उचलून, भार काढून, इंजिन काही मिनिटे मंद चालू द्यावे आणि मग बंद करावे. मात्र पट्टा तुटला असेल किंवा पाणी गळून गेले असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे. तापलेल्या इंजिनावर किंवा त्याच्या आत एकदम थंड पाणी ओतू नये. हेडला तडा जातो. पंख्याजवळ हात घालण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. दुपट्टा, धोतराचा सोगा किंवा लोंबती बाही पट्ट्यात सापडून अपघात होतात. म्हणून पंख्यावरील संरक्षक जाळी काढून ट्रॅक्टर चालवू नये.

नवतपा टाळता येत नाही आणि उन्हाळवाहीही टाळून चालत नाही. पण ट्रॅक्टर तापणार की नाही, हे मार्चमधल्या एका दुपारी, वहीच्या एका पानावर कळू शकते. ज्याने ते पान लिहिले, तो जाळी झाडून, पट्टा ताणून आणि कडे दुरुस्त करून पुष्कळदा नव्या पंख्याचा खर्च वाचवील. आणि ज्यास खरोखरच नवा पंखा हवा, तोही कोणता घ्यावयाचा हे जाणून बाजारात जाईल. मृगाचा पाऊस येईल तेव्हा त्याची जमीन पेरणीस सज्ज असेल.